दलालालाही दिसणार का? : खाजनकाठच्या एका नकाशा-मेळाव्याचं प्रकरण

गोव्यात नकाशाचं नाव काढलं की माणूस आधी आपला सर्वे नंबर आठवतो. त्याला तशी कारणंही घडली आहेत. २००६ साली अधिसूचित झालेल्या 'प्रादेशिक आराखडा २०११' मध्ये, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशात, डोंगरउतार, शेतं आणि बागायती वस्तीच्या रंगात रंगलेल्या दिसल्या, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा गुंडाळावा लागला. पुढे २०२१ च्या आराखड्याच्या वेळी गावांचे नकाशे पंचायतींकडे आले, तेव्हा लोकांनी ते टेबलावर पसरून स्वतःची शेतं बोटाने शोधली. किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्यावरची २०२१ मधली जनसुनावणी कशी गाजली ते ताजंच आहे. आणि २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं, प्रादेशिक आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी म्हणून. त्याखाली झालेले जमिनींचे बदल उच्च न्यायालयात पोचले आणि मार्च २०२५ मध्ये त्या कलमाचे नियम रद्द झाले. इतक्या सगळ्यानंतर अनोळखी मुलं फोन धरून शेताच्या बांधावरून चालताना दिसली, तर गावकरी 'या, बसा' म्हणणार नाहीत.

हे प्रकरण अशाच मुलांचं आहे. गाव फोंडा तालुक्यातलं, झुआरीच्या बाजूचं, अर्धं कुळागरात (पोफळी-माडांच्या बागायतीत) आणि अर्धं खाजनात (बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या शेतांत). नाव देत नाही. पुढे जे ठरलं त्यातल्या काही गोष्टी नकाशावर येऊ नयेत असंच ठरलं, आणि गावाचं नाव इथे छापलं तर त्या ठरावाला फारसा अर्थ राहणार नाही.

मेळावा

आयोजक चौघे: फोंड्यात संगणकाचं काम करणारा एक तरुण, एक सायकलवेडी, एक पक्षीनिरीक्षक आणि भूगोल शिकवणाऱ्या एक बाई. चौघांत बाई तेवढ्या त्या गावच्या. आमंत्रण व्हॉट्सॲपवर फिरलं. फर्मागुडीचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आले, सावंतवाडी-बांद्याकडून जिओकॅशिंगचा, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेली वस्तू शोधायच्या खेळाचा नाद असलेले तिघे-चौघे आले, डिचोलीहून भूमापनात आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक काका आले. सगळे मिळून पंचविसेक. मार्गशीर्षातला रविवार, भातकापणी उरकलेली, देवळाची अग्रशाळा (उतरायची जागा) मोकळी. सकाळी पातळभाजी-पाव, दुपारी जेवण, संध्याकाळी खेळ आणि मधल्या वेळेत नकाशा. मी टिपणवही घेऊन बसलो होतो.

अशा मेळाव्यांची परंपरा आता बरीच जुनी झाली आहे. ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे कुणीही भर घालू शकेल असा इंटरनेटवरचा खुला नकाशा, २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला, कारण तिथल्या सरकारी मोजणी संस्थेची माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत आणि अटी पाळाव्या लागत. मे २००६ मध्ये चाळीसेक हौशी माणसं आइल ऑफ वाइट या बेटावर जमली आणि शनिवार-रविवारी जीपीएस घेऊन रस्ते पालथे घालत त्यांनी बेटाचा नकाशा उभा केला. 'मॅपिंग पार्टी' नावाचा प्रकार तिथून रुळला. जिओकॅशिंग त्याहून थोडं आधीचं. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनच्या रानात कुणीतरी एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. दोन्ही छंदांच्या मुळाशी एकच गंमत आहे: पृथ्वीवरची एखादी जागा आकड्यांत सांगता येते आणि दुसऱ्या कुणाला ती त्या आकड्यांवरून सापडते. गंमत निरुपद्रवी वाटते. बेटावर किंवा रानात ती असेलही.

आयोजकांनी तीन गट पाडले होते. पहिल्याने वाडे (गावातल्या वस्त्या) आणि आतल्या वाटा घ्यायच्या, कारण १०८ ची रुग्णवाहिका रात्री चुकीच्या वाड्यावर गेल्याचे किस्से गावात घरोघरी आहेत. दुसऱ्याने खाजनातले बांध आणि मानशी (बांधातल्या पाण्याच्या दारांच्या जागा) घ्यायच्या. तिसऱ्याने दुकानं, बसथांबे, झरी आणि देवळं.

सकाळ

सकाळचा पहिला तास काकांनी खाल्ला, आणि माझ्या मते दिवसातला सगळ्यात उपयोगी तास तोच होता. त्यांनी पाच जणांचे फोन देवळासमोरच्या दीपस्तंभाच्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवायला लावले आणि प्रत्येकाला बिंदू नोंदवायला सांगितलं. उघड्या आभाळाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत खरं बोलतो. पाचही बिंदू स्तंभाच्या आसपास पडले, एक मात्र तळीत. मग सगळ्यांना घेऊन ते कुळागरात गेले. वर पोफळी, त्यांच्यावर माड, खाली पाटाचं पाणी आणि एका बाजूला चिऱ्यांची उंच भिंत. तिथे उपग्रहाचे संदेश पानांत अडतात, भिंतीवर आपटून उशिरा येतात आणि फोनला वाटतं आपण भलतीकडेच उभे आहोत. बिंदू असे विखुरले की कोण कुठे उभं होतं ते फोटो बघून ठरवावं लागलं.

"ह्याने वाट काढा, हद्द काढू नका," एवढंच काका म्हणाले. मुलांनी मान डोलावली. त्या वाक्याचं वजन तेव्हा कुणालाच कळलेलं नव्हतं, बहुधा काकांनाही नाही.

एकाच्या बॅगेत ड्रोन होता. आयोजकांनी तो बॅगेतच ठेवायला सांगितलं. त्याने थोडी कुरकुर केली, पण ठेवला. हा निर्णय नियमांच्या भीतीने झाला असला तरी गावासाठी तो योग्य होता, कारण घरांच्या परसावरून काहीतरी घोंघावत गेलं असतं तर मेळावा तिथेच आटोपला असता.

बांधावर

खाजन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भरतीचं खारं पाणी अडवून नदीकाठची सखल जमीन शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी शेतीखाली आणली. बाहेर बांध, आत शेतं, मधून फिरणारी पोंय (पाण्याचा चर) आणि बांधात जागोजागी मानशी. मानशीची दारं भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा उघडतात. ओहोटीला तिथे जाळं लावतात, आणि त्या मासेमारीच्या हक्काची पावणी (लिलाव) होते. त्या पैशांतून कुळांच्या संघटनेने बांधांची डागडुजी करायची अशी रीत. आत कोरगुटसारखं खारं पाणी सोसणारं भात. एक बांध फुटला की शेतं खारी होतात आणि पुढची काही पिकं हातची जातात. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे: खाजन जमिनींचे नकाशे करावेत आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये. म्हणजे दुसरा गट जे करायला निघाला होता ते कायद्यालाही हवं आहे. पण बांधावर अधिसूचना वाचून कुणी उभं राहत नाही.

गट दुसऱ्या मानशीपाशी पोचला तेव्हा तीन माणसं समोरून आली. "तुमी खंयचे?" हा पहिला प्रश्न. मुलं फर्मागुडीची म्हणाली, जे खरं होतं आणि तरीही पुरेसं नव्हतं, कारण त्यांतली कुणी वाळपईची, कुणी पेडण्याची. काय चाललंय, या दुसऱ्या प्रश्नावर एकाने निरागसपणे "सर्वे करतोय" असं सांगितलं. थोड्याच वेळात बांधावर चांगली गर्दी झाली.

आयोजक धावत आले. पंचायतीला पत्र दिलेलं होतं, आवक शिक्क्याची प्रत फोनमध्ये होती. पण त्या प्रभागाच्या पंचाला त्याचा पत्ता नव्हता. मग संगणकवाल्या तरुणाने फेब्रुवारी २०२१ ची केंद्राची भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वं काढली: भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशाची माहिती गोळा करायला पूर्वपरवानगी लागत नाही. हे ऐकून शंका कमी होण्याऐवजी वाढली. परवानगी लागत नाही म्हणजे उद्या कुणीही येणार, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. आणि तो चुकीचा नव्हता.

लोकांना काय सलत होतं ते हळूहळू बाहेर आलं. एकाचं घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्याचं. १९७५ च्या मुंडकार कायद्याखालचा त्याचा दावा मामलेदाराकडे वर्षानुवर्षं पडून होता. त्याला भीती होती की परसाची रेघ कुठेतरी आखली गेली की भाटकाराचा (जमीनमालकाचा) वकील ती दाखवेल. भाटकाराच्या पुतण्यालाही नेमकी उलटी भीती. मानस पावणीत घेतलेल्याला आपल्या जागेचे आकडे कुणालाही कळावेत हे पसंत नव्हतं. आणि सगळ्यांनाच बांधाच्या आतली जमीन कुणी 'मोकळी' म्हणून दाखवेल याची धास्ती.

तेव्हा काका पुढे झाले. त्यांनी सकाळचा प्रयोग सांगितला, फोन काढून दाखवला: पाच मीटर इकडे, पाच मीटर तिकडे, ह्यावर हद्द ठरत नाही, कुठल्याही कचेरीत हे चालणार नाही, एक-चौदाचा उतारा (जमिनीची सरकारी नोंद) आणि सर्वे प्लॅन वेगळे. एरवी हौशी मंडळी ज्या त्रुटीबद्दल ओशाळतात तीच इथे हमी म्हणून मांडली गेली. पुरुषमंडळी जरा सैलावली. पण डोईवर टोपली घेऊन थांबलेल्या एका वयस्क बाईंना ते पटलं नाही. "मग तर नकोच," त्या म्हणाल्या. "चुकलेली रेघ एकदा कागदावर आली की ती पुसायला कोर्टात जावं लागतं." १७(२) हा आकडा त्यांनी उच्चारला नाही, त्यांना त्याची गरजही नव्हती.

मग गावातल्याच एका मुलाने, जो बहुतेक दुबई-कतारला जायच्या तयारीत होता आणि इंग्रजी-मराठी दोन्ही सराईत बोलत होता, मुद्द्याचं विचारलं: हा नकाशा दलालालाही दिसणार का?

तरुण आयोजकाने आधी वळसा घेतला. नकाशा सगळ्यांचा आहे, कुणा कंपनीचा नाही, विद्यार्थ्यांना उपयोगी पडतो, आपत्तीत उपयोगी पडतो. सगळं खरं. भूगोलाच्या बाईंनी त्याला थांबवलं आणि कोकणीतून सरळ सांगितलं की हो, दिसणार. दलालाला, बिल्डरला, परदेशी कंपनीलाही. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना कुणालाही माहिती वापरू देतो, धंद्यासाठीसुद्धा. श्रेय द्यावं लागतं आणि त्या माहितीत भर घालून ती वाटली तर तीही खुली ठेवावी लागते, एवढीच अट. कोण वापरतो यावर बंधन नाही आणि घालताही येत नाही.

माझ्या मते मेळावा तिथे वाचला. खुलेपणा ही आपोआप चांगली गोष्ट आहे, तिचा खुलासा करायची गरज नाही, अशी या छंदातल्या लोकांची समजूत असते. ज्यांची जमीन कधी कुणाच्या डोळ्यांवर आलेली नाही त्यांना असं वाटणं सोपं आहे. बाईंचा हा 'हो' पत्रकातल्या पहिल्या ओळीत असायला हवा होता. तो विचारल्यावर मिळाला, तरी मिळाला हे महत्त्वाचं. कारण त्यानंतरचा प्रश्न बदलला. नकाशा करू द्यायचा की नाही हा वाद बाजूला पडला आणि एवढं माहीत असताना आपण काय द्यायचं यावर बोलणं सुरू झालं.

काय द्यायचं

जेवणाला गावचे बरेच जण अग्रशाळेतच थांबले. आयोजकांनी गावाचे छापील मोठे कागद आणले होते, उपग्रहचित्रावरून काढलेले, पेनाने खुणा करायच्या आणि नंतर स्कॅन करायचे. फोन बाजूला पडले आणि कामाला वेग आला. फोन एका वेळी एकाच्याच हातात असतो, कागदाभोवती आठ डोकी मावतात.

सगळ्यांना अनपेक्षित वाटली ती गोष्ट म्हणजे शेतकऱ्यांना मानशी नकाशावर हव्या होत्या, आणि आयोजकांच्या यादीत होतं त्याहून जास्त तपशिलात. बांध फुटल्यावर खात्याला फोन केला की समोरचा विचारतो कुठला बांध, आणि नदीच्या वळणापासून सुरुवात करून जागा समजावण्यात भरती येऊन जाते. प्रत्येक मानशीला गावात नाव आहे. बाहेरचा बांध आणि आतला बांध वेगळे दाखवा, पोंयीची दिशा दाखवा, असा आग्रह झाला. नाव जाईल, जागा जाईल, पावणी कुणी घेतली ते जाणार नाही असं ठरल्यावर मानसवालाही राजी झाला.

बांधावरच्या वाटेचा मुद्दा मुलांनी काढला. एका प्रचलित नकाशात तो बांध रस्ता म्हणून दिसतो आणि पावसाळ्यात एक भाड्याची गाडी त्याच्यावर येऊन रुतली होती. ही वाट पायवाट म्हणून, मोटारींना बंद अशी नोंदवायची हे दोन मिनिटांत ठरलं.

वाड्यांवर मात्र तासभर गेला. एका वाड्याची सीमा पिंपळापर्यंत की ओहळापर्यंत, यावर दोन म्हातारे इतके पेटले की त्यांची मागची भांडणंही बाहेर आली. शेवटी कुणीतरी सुचवलं की सीमा काढायचीच नाही, वाड्याच्या मध्याशी एक बिंदू ठेवायचा आणि नाव द्यायचं. रुग्णवाहिकेला तेवढं पुरतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हे अगदी रीतसर बसतं, आणि पाच मीटरची चूकही त्यात सुखाने मावते. नाव फलकावर असेल तसं रोमी लिपीत, शिवाय कोकणी आणि मराठी रकान्यांत देवनागरीत. यावर भाषेचा वाद होईल असं मला वाटलं होतं, पण सगळे दमलेले होते.

घरं, कुंपणं, परसातल्या विहिरी, गडगे यांतलं काही काढायचं नाही असं ठरलं. इथे एक गाठ राहिली. उपग्रहचित्र बघून कुठल्यातरी दूरच्या हौशी माणसाने गावातली बरीच घरं आधीच चौकोनांनी आखून ठेवली होती. मुंडकाराने ती पुसायला सांगितली. आयोजकांनी नाही म्हटलं: जे जमिनीवर खरोखर आहे ते पुसणं नकाशाच्या नियमात बसत नाही, आणि पुसलं तरी उद्या दुसरा कुणी काढेल. चौकोनावर नाव नाही, मालक नाही, हद्द नाही, एवढंच समाधान त्यांना देता आलं. तो माणूस जेवून गेला, पण समाधानाने गेला असं म्हणवत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांकडे या प्रश्नाला आजही धड उत्तर नाही.

राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाची, जागा वगळली. तिसऱ्या गटाने ती सकाळीच नोंदवली होती, फोटोसकट. गावच्या एका म्हाताऱ्याने फक्त नको म्हटलं, कारण दिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. नोंद अपलोड व्हायच्या आधीच काढली. जिओकॅशिंगवाल्यांचा डबा त्याच्याच शेजारच्या झरीपाशी लपवायचा होता. त्यांच्याही खेळात जागेच्या मालकाची परवानगी घ्यायचा नियम आहे, पण इथे मालक कोण, हा प्रश्न मोठा झाला असता. शिवाय नारळ, लिंबू आणि मिरच्या जिथे ठेवतात तिथे कडीचा बंद डबा सापडला असता तर तो उघडून वहीत नाव लिहायला कुणी पुढे आलं नसतं, कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय असंच म्हणाले असते. खेळ रद्द झाला. सावंतवाडीकर नाराज झाले आणि चहा न घेता निघाले.

त्यानंतर

त्या दिवशी चढवलेली माहिती हौशी मेळाव्यांच्या मानाने थोडी होती. काही वाडे, काही वाटा, सगळ्या मानशी, दोन्ही बांध. मेळाव्याचं यश नोंदींच्या संख्येने मोजणाऱ्यांना हा दिवस फुकट गेला असंच वाटेल, आणि आयोजकांपैकी एकाला तसं वाटलंही.

काही आठवड्यांनी कुठल्यातरी लांबच्या संपादकाने उपग्रहचित्र बघून बांधावरची पायवाट पुन्हा रस्ता करून टाकली. वरून ती गाडीवाटेसारखीच दिसते, खरं आहे. त्यातून चित्र ओहोटीचं असेल तर बांध आणखी रुंद भासतो. भूगोलाच्या बाईंनी मेळाव्यानंतर स्वतःचं खातं काढलं होतं आणि गावाच्या चौकटीतले बदल कळवणारी फीड लावून घेतली होती. त्यांनी त्या बदलाखाली टिप्पणी लिहिली, बांधाचा फोटो दिला, रुंदी सांगितली. जमिनीवर जे आहे तेच नकाशावर, हा तिथला मूळ नियम. संपादकाने माफी मागून बदल मागे घेतला. बाईंना हे काम आता लागूनच आलं आहे. मेळावा एका दिवसाचा असतो, पण नकाशा रोज बदलतो आणि गावात त्यावर लक्ष ठेवणारं कुणी नसेल तर बांधावर झालेल्या ठरावाला काही किंमत उरत नाही. या प्रकारच्या मेळाव्यांच्या नियोजनात ही जबाबदारी मला जवळजवळ कुठेच लिहिलेली दिसली नाही.

ज्येष्ठात आतल्या बांधाला गळती लागली तेव्हा कुळांच्या संघटनेने खात्याला दिलेल्या अर्जाला नकाशाची छापील प्रत जोडली, मानशीवर लाल गोल करून. अधिकारी थेट त्या जागी आला, कुणाला विचारत फिरला नाही. डागडुजी मात्र पावसाळा संपल्यावरच झाली.

पलीकडच्या काठावरच्या गावातल्या संघटनेने आता असाच मेळावा मागितला आहे. अटी त्यांच्या: काय काढायचं नाही याची यादी आधी, गावच्या बैठकीत, प्रत्येक गटाबरोबर गावचा एक माणूस, आणि खातं काढून लक्ष ठेवायला दोघे तरी तयार असले तरच तारीख. जिओकॅशिंगवाल्यांनाही पुन्हा बोलावलं आहे. या वेळी डबा फेरीबोटीच्या धक्क्यावर ठेवायचं चाललंय, आणि त्याच्या परवानगीचा अर्ज नदी परिवहन खात्याच्या बेतीच्या कार्यालयात गेला आहे.